एटीआरपासून सुरुवात : प्रादेशिक विमान कंपनीत रुजू होताना सीनियॉरिटी, ताफा आणि बेस कसा समजून घ्यायचा

मला आणि माझ्यासोबत ट्रेनिंग घेतलेल्या एका मित्राला ऑफर लेटर एकाच दिवशी आलं. माझ्या क्लास वन मेडिकलची (वैमानिकाच्या वैद्यकीय तपासणीची) मुदत संपत आली होती. नूतनीकरणात एक रिपोर्ट पुन्हा मागितला गेला आणि एकोणीस दिवस गेले. तेवढ्यात त्याची बॅच ग्राउंड स्कूलला (वर्गातल्या प्रशिक्षणाला) बसली आणि मी पुढच्या बॅचला ढकलली गेले. सीनियॉरिटीच्या यादीत फरक पडला फक्त अकरा नंबरांचा. पण पुढे कमांडची (कॅप्टन होण्याची) यादी निघाली तेव्हा रेघ बरोबर आमच्या दोघांच्या मध्ये ओढली गेली, कारण येणारी दोन विमानं लांबली होती. तो माझ्या चौदा महिने आधी कॅप्टन झाला. उड्डाणाच्या तासांत आमच्यात काडीचाही फरक नव्हता.

हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मेडिकल मी दोन महिने आधीच करून घेतलं असतं. म्हणून हा लेख. सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचा परवाना) झालेल्या किंवा होत आलेल्या, एटीआर किंवा एम्ब्रेअर ही लहान प्रवासी विमानं उडवणाऱ्या कंपनीत अर्ज करू पाहणाऱ्या मुलामुलींसाठी. फ्लाइंग कसं शिकायचं ते इथे नाही. नोकरी कशी चालते ते आहे.

१. आधी कागदांवरची नावं जुळवा

हे पहिलं काम, आणि महाराष्ट्रातल्या मुलांना सगळ्यात जास्त छळणारं. आपल्या राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव असतं. पासपोर्टवर क्रम वेगळा. आधारवर वडिलांचं नाव कधी असतं, कधी नुसतं आद्याक्षर. डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, कॉम्प्युटर नंबर (परीक्षार्थीचा ओळख क्रमांक) काढताना एक नाव दिलंत, मेडिकलला दुसरं आणि पासपोर्टवर तिसरं, तर पुढे प्रत्येक अर्ज तिथेच अडतो. कॉम्प्युटर नंबर काढण्याआधी सगळी नावं एकसारखी करून घ्या. लग्न झालेल्या मुलींनी नाव बदलायचं की नाही हे लायसन्स हातात येण्याआधी ठरवलेलं बरं, नंतर दुरुस्तीला महिने जातात.

अर्जाच्या वेळी ही फाइल तयार हवी:

सीपीएल आणि मल्टी-इंजिन इन्स्ट्रुमेंट रेटिंग (उपकरणांच्या आधारे उडण्याची पात्रता)
क्लास वन मेडिकल असेसमेंट
आरटीआर आणि एफआरटीओएल (रेडिओ वापरण्याचे परवाने)
इंग्रजी प्रावीण्याचा दाखला, किमान लेव्हल ४
लॉगबुक (उड्डाणांची नोंदवही), आणि ईजीसीएवर (डीजीसीएच्या ऑनलाइन पोर्टलवर) त्याच्याशी तंतोतंत जुळणाऱ्या नोंदी
दहावी-बारावीची गुणपत्रिका आणि मंडळाकडून घेतलेलं पडताळणी प्रमाणपत्र
पासपोर्ट आणि पोलीस पडताळणी

मंडळाच्या पडताळणीचं पत्र विभागीय मंडळातून मिळतं. लातूर, नागपूर, कोल्हापूर, जिथून परीक्षा दिली तिथून. बारावीला फिजिक्स आणि गणित असणं बंधनकारक आहे. कला-वाणिज्यवाले बरेच जण हे दोन विषय नंतर मुक्त विद्यालयातून करतात आणि मग त्या मंडळाचीही वेगळी पडताळणी लागते.

लॉगबुकचा मुद्दा नीट ऐका. सीपीएलसाठी २०० तास लागतात, त्यातले १०० पीआयसीचे (पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर असताना उडवलेले). कागदी लॉगबुकात एका पानाची बेरीज चुकली की ती चूक पुढच्या सगळ्या पानांवर चालत जाते. मुलाखतीत समोरचा कॅप्टन लॉगबुक उघडतो, मधलंच एखादं पान काढतो आणि बोट ठेवून विचारतो, हा सेक्टर (हे उड्डाण) सांग. तुमच्याच हातची खाडाखोड तुम्हाला सांगता आली नाही, तर पुढचे प्रश्न कितीही चांगले गेले तरी उपयोग नसतो.

२. वाट पाहताना काहीही लॅप्स होऊ देऊ नका

सीपीएल आणि नोकरी यांच्यात सहा महिने जाऊ शकतात, तीन वर्षंही जाऊ शकतात. या काळात क्लास वन मेडिकल दरवर्षी, इन्स्ट्रुमेंट रेटिंगचा चेक दरवर्षी. खर्च वाचवण्यासाठी इन्स्ट्रुमेंट रेटिंग सोडून देणारे खूप असतात आणि भरती अचानक निघते तेव्हा तेच धावपळ करतात. भरतीच्या जाहिरातीत 'वैध' हा शब्द असतो, त्याचा अर्थ अर्ज भरण्याच्या दिवशी वैध. महिन्याभरात करून घेतो म्हणून चालत नाही.

एटीपीएलचे (कॅप्टन होण्यासाठी लागणाऱ्या परवान्याचे) पेपर याच रिकाम्या काळात द्या. पुढे पाचव्या दिवशी पहाटे चारचं रिपोर्टिंग असताना नॅव्हिगेशनचं पुस्तक उघडवत नाही.

आणि कृपा करून नोकरी हातात नसताना स्वतःच्या पैशानं एअरबसचं टाइप रेटिंग (त्या प्रकारचं विमान उडवण्याची पात्रता) घेऊ नका. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट ही विमान कंपनी बंद पडली तेव्हा टाइप रेटिंग आणि हजारो तास असलेले वैमानिक एका रात्रीत बाजारात आले. रेटिंग आणि शून्य तास असलेल्या मुलाला त्यांच्यापुढे कोण उभं करणार? शिवाय एटीआर उडवणाऱ्या कंपनीला तुमच्या एअरबस रेटिंगचा काहीच उपयोग नसतो.

३. कोण काय उडवतं ते पाहा

भारतात प्रादेशिक उड्डाण म्हटलं की मुख्यतः एटीआर-७२. दोन टर्बोप्रॉप इंजिनं, सत्तरच्या आसपास जागा, आणि जेटला न जमणाऱ्या धावपट्ट्यांवर उतरण्याची ताकद. कोल्हापूरची धावपट्टी १,३७० मीटरची होती तेव्हाही तिथे एटीआर उतरत असे. अमरावतीला १,८५० मीटरवर १६ एप्रिल २०२५ ला पहिलं प्रवासी विमान आलं तेही अलायन्स एअरचं एटीआरच.

इंडिगोनं डिसेंबर २०१७ मध्ये एटीआर सुरू केली. एकाच कंपनीत एटीआर आणि एअरबस दोन्ही असल्यामुळे तिथली वाट वेगळी आहे, त्याबद्दल पुढे. अलायन्स एअर ही सरकारी मालकीची, एटीआरसोबत ईशान्येत डॉर्नियर २२८ उडवणारी. फ्लाय९१ गोव्याची, १८ मार्च २०२४ ला मोपाहून पहिलं व्यावसायिक उड्डाण, ताफ्यात फक्त एटीआर. स्टार एअर कोल्हापूर जिल्ह्यातल्या उद्योगसमूहाची, तिच्याकडे ५० जागांचं एम्ब्रेअर १४५ आणि ७६ जागांचं एम्ब्रेअर १७५, म्हणजे लहान पण जेट.

२०० तासांच्या मुलाला एटीआरइतका चांगला गुरू नाही, असं माझं ठाम मत आहे. दिवसाला चार-चार सेक्टर, म्हणजे चार टेकऑफ आणि चार लँडिंग. ढगांच्या वर नव्हे, ढगांतून उडायचं. ऑगस्टमध्ये सिंधुदुर्गला उतरताना समुद्रावरून येणारी पावसाची सर धावपट्टीच्या एका टोकाला असते आणि दुसरं टोक कोरडं असतं. कॅप्टन शांतपणे म्हणतो, "थांब, एक होल्ड मारू." आकाशात घिरट्या घालत काढलेल्या त्या दहा मिनिटांत इंधन, पर्यायी विमानतळ आणि ड्यूटीचे तास यांचा हिशेब तुम्ही करायचा असतो. एरवी हे शिकायला वर्षं लागतात.

४. विमानांचं गणित शिका

तुमची कमांड कधी येणार हे तुमच्या हुशारीवर जेवढं ठरतं, त्याहून जास्त ते कंपनीच्या ताफ्यावर ठरतं. हा हिशेब कुणी शिकवत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

एक एटीआर दिवसाला साधारण दहा तास उडतं असं धरा. दुरुस्ती-तपासणीचे दिवस वजा करून वर्षाचे ३३० दिवस, म्हणजे ३,३०० तास. वैमानिकाला सलग ३६५ दिवसांत १,००० तासांहून जास्त उडता येत नाही, पण तिथपर्यंत कुणी पोचत नाही. रजा, साप्ताहिक विश्रांती, सिम (सिम्युलेटरवरचा सराव), स्टँडबाय (बोलावलं तर जाण्यासाठी तयार राहणं) धरून ७०० तास म्हणजे भरपूर. ३,३०० भागिले ७००, म्हणजे पाचच्या थोडं खाली. ट्रेनिंग आणि आजारपण धरलं की एका विमानामागे पाच ते सहा जोड्या. दहा विमानांच्या कंपनीत पन्नास-साठ कॅप्टन आणि तेवढेच को-पायलट.

आता यादी उलटी वाचा. तुमच्यापुढे तीस को-पायलट आहेत. कंपनी वर्षाला दोन विमानं आणणार असं म्हणते. म्हणजे दहा-बारा नव्या कमांड. नुसत्या वाढीवर तुमचा नंबर यायला अडीच-तीन वर्षं. पण एटीआरमध्ये वाढीपेक्षा मोठं इंजिन आहे गळती. कॅप्टन एअरबसला जातात, खुर्ची रिकामी होते, यादी सरकते. म्हणून मोठ्या कंपन्यांची भरती निघाली की लहान कंपनीतल्या को-पायलटनंही खूश व्हावं. आणि मोठ्या कंपन्यांत भरती थांबली की समजावं, आपली यादीही गोठली.

ऑर्डर म्हणजे विमान नव्हे, हे मनात पक्कं करा. बातमीत पन्नास विमानांचा आकडा येतो. तो आकडा अनेक वर्षांत विभागलेला असतो, त्यातली काही विमानं जुनी बदलण्यासाठी असतात आणि काही कधीच येत नाहीत. विमान तुलूझच्या कारखान्यातून निघालं, भारतात आलं, व्हीटी (भारतीय) नोंदणी झाली, डीजीसीएच्या परवान्यात चढलं, की मगच त्याला वैमानिक लागतात. मुलाखतीत 'ऑर्डर किती' विचारू नका. 'येत्या बारा महिन्यांत किती विमानं येणार आणि लीज संपून किती जाणार' हे विचारा. आकडा महत्त्वाचा आहे तो या दोघांमधल्या फरकाचा.

तिसरी गोष्ट मार्गांची. उडान योजनेत कंपनीला तोटा भरून देणारं अनुदान तीन वर्षांचं असतं. ते संपलं की काही मार्ग स्वतःच्या पायावर उभे राहतात, काही बंद होतात. नांदेडला २०१७ मध्ये उडानचं विमान आणणारी ट्रूजेट २०२२ मध्ये थांबली. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज थांबली तेव्हा तिच्याही ताफ्यात एटीआर होती. ज्या कंपनीत अर्ज करताय तिचे किती मार्ग अनुदानावर आहेत आणि ते कधी संपतात हे वेळापत्रक आणि मंत्रालयाच्या याद्या शेजारी ठेवून पाहता येतं. एक संध्याकाळ लागते, तेवढी द्या.

मुंबईचं उदाहरण आपल्या जवळचं. तिथे सकाळ-संध्याकाळचा स्लॉट (उतरण्या-उडण्याची ठरलेली वेळ) मिळणं कठीण, आणि त्याच स्लॉटमध्ये सत्तर माणसं आणायची की दोनशे, हा सरळ पैशाचा हिशेब. त्यामुळे लहान विमानाला गैरसोयीच्या वेळा मिळत आल्या. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली आहेत. राज्यांतर्गत मार्गांसाठी तिथे जागा मिळत गेली, तर पुढच्या काही वर्षांत एटीआर-एम्ब्रेअरचे मुंबई परिसरातले बेस वाढतील, अशी मला आशा आहे.

५. सीनियॉरिटीची तारीख लेखी घ्या

सीनियॉरिटी म्हणजे यादीतला नंबर, एवढं सगळ्यांना माहीत असतं. तो नंबर कोणत्या तारखेवरून ठरतो, हे फार थोडे विचारतात. ऑफर लेटरची तारीख? रुजू झाल्याची? ग्राउंड स्कूल सुरू झाल्याची? की लाइन ट्रेनिंग (प्रवासी उड्डाणांवरचं प्रशिक्षण) संपून रिलीज झाल्याची, म्हणजे को-पायलट म्हणून मोकळं सोडल्याची? वेगवेगळ्या कंपन्यांत वेगळं असतं. आणि एकाच बॅचमध्ये वर-खाली कशावरून? परीक्षेच्या गुणांवरून, वयावरून, की सीपीएलच्या तारखेवरून?

तारीख रिलीजची धरत असतील तर सिमचा स्लॉट उशिरा मिळणं, ट्रेनिंग कॅप्टन रजेवर असणं, पावसाळ्यात सराव रेंगाळणं, या तुमच्या हातात नसलेल्या गोष्टीही तुमचा नंबर खाली नेतात. अशा कंपनीत सिमची तारीख पुढे ढकलायची विनंती चुकूनही करू नका. बहिणीचं लग्न असलं तरी आधी बॅचमधल्या कुणाशी अदलाबदल होते का पाहा.

यूट्यूबवर अमेरिकन वैमानिकांचे व्हिडिओ पाहून बरेच जण येतात. तिथे सीनियॉरिटी युनियनच्या करारात लिहिलेली असते. बेस, विमान, रोस्टर (ड्यूटीचं वेळापत्रक), सुट्टी सगळं त्या एका नंबरावर बोली लावून मिळतं. तिथल्या प्रादेशिक कंपनीत शिरायलाच साधारणपणे १,५०० तास लागतात. आपल्याकडे २०० तासांवर को-पायलट होता येतं, पण नंबराचा तसा भक्कम करार बहुतेक ठिकाणी नसतो. कमांडसाठी नंबर लागतो, शिवाय ट्रेनिंगमधले शेरे, गैरहजेरी आणि शिस्तीची फाइलही पाहिली जाते. तेव्हा तिथले नियम इथे लावून वाद घालू नका.

एटीआर आणि एअरबस दोन्ही असलेल्या कंपनीत आणखी एक प्रश्न विचारायलाच हवा: एटीआरवरून एअरबसवर गेलो तर नंबर सोबत येतो का, आणि किती वर्षं किंवा तास एटीआरवर राहणं सक्तीचं आहे? कंपनी बदललीत तर मात्र उत्तर सरळ आहे. नव्या कंपनीत तुम्ही यादीच्या तळाशी. चार वर्षांचा नंबर एका सहीत जातो. कमांडला सहा महिने उरलेले असताना जेटच्या उजव्या (को-पायलटच्या) खुर्चीसाठी राजीनामा देणाऱ्या ज्युनिअरला मी दरवेळी थांबवायचा प्रयत्न करते. एटीआरचे कॅप्टन म्हणून मिळवलेले तास पुढे कुठेही मोजले जातात.

६. बेस : कुठे राहायचं आणि कुठे थांबायचं

होम बेस म्हणजे जिथून ड्यूटी सुरू होते आणि जिथे साप्ताहिक विश्रांती मिळते ते शहर. फॉर्मवर तीन पसंती विचारतात, आणि नव्या माणसाला बहुतेकदा चौथंच मिळतं. वाईट वाटून घेऊ नका, पण रुजू झालेल्या आठवड्यातच बदलीचा अर्ज टाका. रांग अर्जाच्या तारखेवरून लागत असेल तर प्रत्येक दिवस मोलाचा. सीनियॉरिटीवरून लागत असेल तरी अर्ज नोंदलेला असल्याशिवाय तुमचा विचार होत नाही.

आता एक बारकावा. कंपनीच्या यादीतला नंबर वेगळा आणि बेसवरचा नंबर वेगळा. रजा, स्टँडबाय, सणाच्या सुट्ट्या हे बऱ्याच ठिकाणी बेसच्या पातळीवर वाटलं जातं. मला पहिला बेस कोलकाता मिळाला, तेव्हा मी रडले होते. तिथे मराठी मुलं कमी, बाकीचेही लवकर बदली घेऊन जायचे. वर्षभरात त्या बेसवरच्या को-पायलटांत मी सहावी झाले आणि गणपतीला सलग पाच दिवस घरी होते. माझी मैत्रीण हट्टानं मागून घेतलेल्या बेसवर होती, सगळ्यांना हव्या असलेल्या. तिथे तिचा नंबर शेवटून दुसरा. तीन वर्षांत तिला एकदाही गौरी-गणपती मिळाले नाहीत. घराजवळ राहून सतत स्टँडबाय, की घरापासून लांब राहून हवी ती रजा, हे ज्यानं त्यानं घरची परिस्थिती बघून ठरवावं. आईवडील आजारी असतील तर दुसरा विचारच नको, जवळचा बेस घ्या.

सोलापूर, नांदेड, लातूरच्या मुलांनी हैदराबादचा विचार जरूर करावा. नव्या नियमांनुसार साप्ताहिक विश्रांती ३६ ऐवजी ४८ तासांची झाली आहे. सोलापूर तिथून तीनशे-सव्वातीनशे किलोमीटर. रात्रीच्या गाडीनं गेलात की एक पूर्ण दिवस घरच्या ताटावर जेवता येतं. फक्त परतीची गाडी ड्यूटीच्या आदल्या दिवशीची धरा. ड्यूटीच्या पहाटे पोचणारी गाडी लेट झाली की गैरहजेरी लागते, आणि झोप न होता कॉकपिटमध्ये बसणं त्याहून वाईट.

७. सही करण्याआधी

ट्रेनिंग बाँड (ठरावीक वर्षं कंपनी न सोडण्याचा करार) किती वर्षांचा, रक्कम किती, आणि ती दरवर्षी कमी होते की शेवटपर्यंत पूर्ण राहते, हे वाचा. बाँडची वर्षं रुजू झाल्यापासून मोजतात की रिलीजपासून, यात एक वर्षाचा फरक पडू शकतो. कंपनीनं स्वतः बेस बदलला किंवा विमान काढून टाकलं तर बाँडचं काय, तेही.

नोटीस पिरियडचा नियम सरकारी आहे. डीजीसीएच्या २०१७ च्या नियमानुसार को-पायलटला सहा महिने, कॅप्टनला एक वर्ष. घरच्यांना वाटतं महिनाभरात नोकरी बदलता येते. येत नाही. कर्जाचे हप्ते मांडताना हे डोक्यात ठेवा, आणि ट्रेनिंगच्या काळात स्टायपेंडवर किती महिने काढायचे तेही. उड्डाण भत्ता तासांवर असतो, त्यामुळे हप्ता नेहमी मूळ पगारावर बेतावा.

मूळ प्रमाणपत्रं जमा करायला सांगितली तर पोच घेतल्याशिवाय देऊ नका. माझ्या एका सहकाऱ्याची मूळ गुणपत्रिका अशीच कपाटात अडकली आणि ती मिळवण्यासाठी त्याला वकिलाची नोटीस पाठवावी लागली.

८. रिलीजनंतर, कमांडपर्यंत

एटीपीएलला वय २१ आणि १,५०० तास लागतात हे सगळे सांगतात. तास आपोआप भरतात. अडतं ते पीआयसीच्या तासांवर. २५० हवेत, ट्रेनिंगचे शंभर-एक असतात, उरलेले को-पायलटच्या खुर्चीतून कॅप्टनच्या देखरेखीखाली पीआयसीचं काम करून भरायचे असतात. ते तास त्याच वेळी, त्याच कॅप्टनच्या सहीनं नोंदवून घ्या. दोन वर्षांनी तो कॅप्टन दुसऱ्या कंपनीत, कदाचित दुसऱ्या देशात असतो. मी महिनाअखेरीस रोस्टर, लॉगबुक आणि ईजीसीए तिन्ही शेजारी ठेवून जुळवायची सवय लावून घेतली. अर्धा तास लागतो.

शिमला, कुलू, अगत्तीसारख्या विमानतळांवर टेकऑफ-लँडिंग कॅप्टनच करतो. पावसाळ्यात नव्या को-पायलटच्या हातात विमान कमी येतं. त्या महिन्यांत नाराज न होता समोर काय चाललंय ते वहीत लिहा: वारा किती होता, कॅप्टननं कधी गो-अराउंड घेतला (न उतरता विमान पुन्हा वर नेलं), का घेतला. माझ्या कमांडच्या तोंडी परीक्षेत विचारलेल्या प्रश्नांपैकी निम्मी उत्तरं त्या वहीतून आली होती.

राहता राहिलं घर. पहिल्या वर्षी कुठेही स्वतःचं घर घेऊ नका आणि फर्निचरही फार करू नका. भाडेकरार अकरा महिन्यांचा करा, पण लॉक-इन तीन महिन्यांपेक्षा जास्त नको आणि आपल्या बाजूनं एक महिन्याची नोटीस करारात लिहून घ्या. बदलीचा ईमेल येतो तेव्हा नव्या बेसवर हजर व्हायला कधीकधी दहाच दिवस असतात.